तेरा दिवसांची गैरहजेरी

आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आमच्या वाचकांस नवे नाही. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांचा होऊन गेला, त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला, आणि १८८६ साली फिलाडेल्फियास त्यांना एम्. डी. ही पदवी मिळाली. परंतु त्या अभ्यासाच्या काळी त्यांच्या पदरी मूल नव्हते. त्याच वर्षी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातून डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेल्या कादंबिनी गांगुली यांची गोष्ट निराळी.

कादंबिनीबाई १८८३ साली चंद्रमुखी बसूंसह कलकत्ता विश्वविद्यालयाच्या पहिल्या स्त्रीपदवीधर झाल्या. त्याच वर्षी द्वारकानाथ गांगुली या ब्राह्मसमाजी विधुराशी त्यांचा विवाह झाला. म्हणजे वैद्यकाचा अभ्यास, सावत्र मुलांचे घर आणि पुढे स्वतःची बाळंतपणे, ही सर्व एकदमच अंगावर आली.

या ओढाताणीचा एक पुरावा १८८८ च्या फेब्रुवारीत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात सापडतो. बाळंतपणासाठी ही बाई केवळ तेरा दिवस गैरहजर राहिली आणि आपल्या समजुतीप्रमाणे तिचे एकही व्याख्यान चुकले नाही, असे त्या उद्गारचिन्हांची खैरात करीत लिहितात. मूल एक झाले की दोन, हे मात्र त्यांस नक्की ठाऊक नाही! दिवस बरोबर मोजले गेले, मुले मोजण्याचे राहून गेले. आजवरच्या चरित्रकारांनीही हा तेराचा आकडा कौतुकाने उचलला. चौदाव्या दिवशी ते अर्भक कोणाच्या मांडीवर होते, हे विचारण्याचे अगत्य फारसे कोणास वाटले नाही. आम्ही अध्यापनात पुष्कळ वर्षे घालविली आहेत. हजेरीपटात विद्यार्थिनी आली एवढेच दिसते. ती घरी काय ठेवून आली, याचा रकाना त्यात नसतो.

उत्तराचा काही भाग घराच्या रचनेत असावा. द्वारकानाथांची थोरली कन्या विधुमुखी आणि तिचे पती उपेंद्रकिशोर राय हे कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरील त्याच वास्तूत राहत. नात्यांनी भरलेल्या अशा घरात मूल हातोहात वाढते. आमच्या मते कादंबिनीबाईंच्या विद्येस सवलत दिली असेल तर ती या घराने दिली. १८९३ साली, मुले लहान असताना, त्या एडिंबरोस गेल्या आणि तेथील तिहेरी डिप्लोमा घेऊन परतल्या. तेव्हाही मागे राहिलेल्या माणसांनीच संसार सांभाळला.

बाहेरच्या जगाची वृत्ती निराळी होती. १८९१ च्या सुमारास एका बंगाली पत्राने त्यांच्या शीलावर शिंतोडे उडविले. गांगुली दांपत्याने न्यायालयाची पायरी चढून संपादकास तुरुंगात धाडले. मुलांची आई रात्रीबेरात्री रोगी पाहावयास जाते, एवढेच त्या पत्रास खुपले असावे.

विधुमुखीच्या कन्या पुण्यलता चक्रवर्ती यांनी आपल्या आजीची एक आठवण सांगितली आहे. घोडागाडीतून रोग्यांकडे जाताना त्यांचे हात रिकामे नसत. त्या लेस विणीत असत.