ओल्या रानात उतरताना

कारखान्याच्या फाटकावर सभा घेण्यात ज्यांची उमर गेली, त्या आमच्यासारख्याने विमानविद्येच्या इतिहासावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. विमान आम्ही कधी चालवलेले नाही. पण एका कारखान्यात नव्याने लागलेल्या पोराची दोन बोटे यंत्राखाली गेली, तेव्हा चौकशीच्या कागदावर एकच शब्द उमटला होता : ‘निष्काळजीपणा’. त्याला कोणी शिकवले, किती दिवस शिकवले, हे कोणी विचारलेच नाही. त्या प्रश्नाचा माग काढीत आम्ही वाचीत गेलो आणि पोहोचलो ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील गॉस्पोर्टच्या मैदानावर.

पहिल्या महायुद्धातले विमानतळ म्हणजे बहुधा गवताची कुरणे. पावसाने ती भिजत व मऊ पडत. ओल्या रानात बैलगाडीचे चाक रुतले तर गाडी थांबते, एवढेच. विमानाचे चाक वेगात असताना रुतले, तर चाके मागे ओढली जातात आणि वरचे धूड पुढे झेपावते. नाक जमिनीत घुसते, पंखा मोडतो, कधी विमान पाठीवर उलथते. जमीन जवळ दिसू लागली की नवशिक्याला ती एकदाची गाठावीशी वाटते. तो भरवेगात चाके टेकवतो, आणि तेच घातक ठरते.

यावरचा उपाय वैमानिकांनी अनुभवाने शोधला. जमिनीवरून हातभर उंचीवर विमान तोलून धरावयाचे, वेग ओसरू द्यावयाचा, नाक हळूहळू वर घ्यावयाचे. पंखांना भार पेलवेनासा झाला, म्हणजे चाके आणि शेपटाखालची दांडी एकदम अलगद टेकतात. टेकल्यावरही हातातला दांडा पोटाशी ओढूनच धरावयाचा. त्याने शेपूट खाली दबलेले राहते. आजच्या छोट्या विमानांना चाक नाकाखाली असते, तरी तत्त्व तेच : इंजिनाची थोडी ताकद राखून हळू टेकावे, पुढचे चाक होईल तितका वेळ वर ठेवावे, ब्रेकला पाय लावू नये, आणि चिखलात मध्येच थांबू नये.

हे सांगणे सोपे, शिकवणे अवघड. त्या काळी शिक्षक म्हणून येत ते पुष्कळदा आघाडीवर दमलेले, नसा ताणलेले वैमानिक. दांडा शिष्याच्या हाती द्यायला ते भीत. शिष्यांना ते थट्टेने ‘हूण’, म्हणजे शत्रू, म्हणत. कारण शत्रूपेक्षा शिष्यच आपली विमाने जास्त मोडतात, असा त्यांचा दावा. थट्टेत का होईना, दोष शिकणाऱ्याच्या माथी मारून मंडळी मोकळी होत.

हा समज मोडला तो रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने. 1914 साली विमान कोसळून त्याचे पाय मोडले होते. 1916 साली फ्रान्समध्ये 60 क्रमांकाच्या तुकडीचा तो प्रमुख होता. हाती येणारी कच्ची पोरे मरताना पाहून त्याने वरिष्ठांना लिहिले की, खोट शिक्षणात आहे. ‘मग तूच शिकव’ अशा अर्थाने त्याच्याकडे गॉस्पोर्ट सोपवण्यात आले.

1917 साली त्याने तेथे काय केले? एकट्याने उडताना ज्या आसनावर बसावयाचे, त्यावरच शिष्याला पहिल्यापासून बसवले. ॲव्हरो 504 हे दोघांच्या हाती चालणारे विमान निवडले. त्याच्या चाकांमध्ये पुढे आलेली लाकडी पट्टी होती, ती नाक जमिनीत जाऊ देत नसे. बोलण्यासाठी रबरी नळी आली, म्हणजे शिक्षकाला चूक घडत असतानाच सांगता येऊ लागले. आणि मुख्य गोष्ट अशी की, संकट शिष्यापासून लपवणे त्याने बंद केले. गुरूने शिष्याला संकटात न्यावे, त्यातून निघण्याची रीत दाखवावी, मग तेच शिष्याने एकट्याने करावे. हीच पद्धत पुढे देशोदेशी गेली.

आपल्याकडची एक हकिकत येथे आठवते. 1932 साली टाटांची टपालविमाने सुरू झाली, तेव्हा मुंबईचे ठाणे जुहूला होते. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जाई. मग विमानांचे बिऱ्हाड पुण्याला हलवीत. वैमानिक हुशार आहे, उतरेल कसाही, असे म्हणून कोणी त्याला चिखलात ढकलले नाही. कोणत्या रानात उतरू नये, हे ठरवणे चालवणाऱ्यांनी आपले काम मानले.

पोराच्या चौकशीला आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा एवढेच विचारले : ‘यंत्रावर उभे करण्यापूर्वी याच्या शेजारी कोण उभे होते?’ साहेबांनी कागद चाळले. नाव निघाले नाही.