उन्हात उभी केलेली कार किती तापते? लहान मुलांना गाडीतल्या उष्णतेपासून कसं वाचवाल?

मे महिन्यातली दुपार. आजोळी निघायचं म्हणून सगळं सामान डिकीत भरून झालंय. दोन वर्षांच्या पोराला मागच्या सीटवर बसवलं आणि त्यानं भोकाड पसरलं. आधी वाटतं, हट्ट करतोय. मग सीटबेल्टच्या बकलला आपलाच हात लागतो आणि चटका बसल्यावर कळतं, पोरगं का रडत होतं ते.

विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४२ ते ४५ अंशांवर जाणं ही काही नवी गोष्ट नाही. पण हा आकडा असतो सावलीतल्या हवेचा. उन्हात काचा बंद करून उभ्या असलेल्या गाडीत त्याच वेळी काय परिस्थिती असते, याचा अंदाज आपल्याला सहसा नसतो. म्हणूनच ‘दोन मिनिटांत आलो’ असं म्हणून मुलाला गाडीत ठेवून जाणारे पालक दिसतात. कार किती आणि का तापते, मुलांना त्याचा जास्त धोका का असतो आणि आपण काय करू शकतो, हे समजून घेऊ.

गाडी एवढी तापते कशामुळे?

सूर्यप्रकाश काचेतून सहज आत येतो. तो सीट, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगवर पडला की या वस्तू तापतात आणि आतल्या हवेला तापवायला लागतात. ही उष्णता प्रकाशासारखी काचेतून सहज बाहेर पडत नाही. काचा बंद असल्यामुळे गरम हवेलाही बाहेर जायला वाट नसते. थोडक्यात, हरितगृहात जे घडतं तेच तुमच्या पार्किंगमध्ये घडतं.

काच बोटभर उघडी ठेवली तर? त्यानं फारसा फरक पडत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बंद काचांची आणि थोड्या उघड्या काचांची गाडी तपासली गेली. दोन्हीतलं तापमान जवळजवळ सारखंच वाढलं. तासाभरात गाडीच्या आतलं तापमान सरासरी २२ अंश सेल्सिअसनं वर गेलं. महत्त्वाचं म्हणजे यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती.

सावलीत गाडी लावली तर चालेल का?

सावलीत लावायलाच हवी, पण तेवढ्यावर विसंबून चालणार नाही.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात उन्हाळा आपल्या विदर्भासारखाच कडक असतो. तिथल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरचं तापमान ३८ अंशांच्या वर असलेल्या दिवसांत त्यांनी काही गाड्या उन्हात, तर काही सावलीत उभ्या केल्या. तासाभरानंतरचे सरासरी आकडे असे होते:

- उन्हातली गाडी: आतली हवा सुमारे ४७ अंश, सीट ५१ अंश, स्टिअरिंग ५३ अंश आणि डॅशबोर्ड तब्बल ६९ अंश.
- सावलीतली गाडी: आतली हवा सुमारे ३८ अंश, सीट ४१ अंश, स्टिअरिंग ४२ अंश आणि डॅशबोर्ड ४८ अंश.

सावलीनं फरक पडतो हे उघड आहे. पण याच संशोधकांनी आणखी एक हिशेब मांडला. दोन वर्षांचं मूल अशा गाडीत अडकलं, तर उन्हात साधारण तासाभरात आणि सावलीत दोन तासांच्या आत त्याच्या शरीराचं तापमान जीवघेण्या पातळीवर जाऊ शकतं. म्हणजे सावलीमुळे थोडा वेळ मिळतो, पण धोका टळत नाही. आणि बाहेर ४५ अंश असतील तर तो वेळही कमी होतो.

मुलांनाच जास्त धोका का?

मोठ्यांच्या तुलनेत लहान मुलाचं शरीर तीन ते पाच पट वेगानं तापतं. वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचा पृष्ठभाग जास्त असतो, त्यामुळे बाहेरची उष्णता पटकन शोषली जाते. घाम येऊन शरीर थंड करण्याची यंत्रणाही अजून पूर्ण तयार झालेली नसते. शिवाय आपल्याला उकडलं की आपण काच खाली करतो, पाणी पितो, दार उघडून बाहेर पडतो. बेल्टमध्ये बांधलेल्या बाळाला यातलं काहीच करता येत नाही. त्याच्या हातात फक्त रडणं असतं, आणि बंद काचेतून तेही बाहेर नीट ऐकू जात नाही.

‘आम्ही असं कधीच विसरणार नाही’

अमेरिकेत १९९८ पासून अशा घटनांची नोंद ठेवली जाते. तिथे दरवर्षी सरासरी ३७ मुलं तापलेल्या गाडीत दगावतात. यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक घटनांमध्ये पालक मुलाला गाडीत चक्क विसरलेले असतात. हे सगळे बेजबाबदार पालक असतात असंही नाही. रोजचा क्रम बदलला, झोप अपुरी झाली, मूल मागे शांत झोपलं, की मेंदू सवयीच्या रस्त्याने थेट ऑफिसला पोचतो.

साधारण एक चतुर्थांश घटनांमध्ये मात्र मुलं स्वतःच खेळता खेळता उघड्या गाडीत शिरलेली असतात. आपल्याकडेही अशा घटना घडल्या आहेत. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईतल्या ॲन्टॉप हिलला एका उभ्या गाडीत दोन लहान मुलं मृतावस्थेत सापडली. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या विजयनगरम जिल्ह्यात एका गावात चार मुलांचा बंद गाडीत अडकून जीव गेला.

त्यामुळे घरी गाडी असो वा नसो, हा विषय सगळ्यांचाच आहे. सोसायटीच्या आवारात किंवा गल्लीत उभी असलेली, लॉक न केलेली कोणतीही गाडी खेळणाऱ्या मुलांसाठी सापळा ठरू शकते.

काचेला काळी फिल्म किंवा पडदा लावता येतो का?

मूल गाडीत बसलं की आई-बाबांच्या मनात पहिला विचार येतो तो काच झाकण्याचा. इथे कायदा आडवा येतो.

नियमानुसार पुढच्या आणि मागच्या मोठ्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांमधून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. २७ एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म किंवा दुसरं कुठलंही साहित्य लावायला मनाई केली. नंतर नियमात बदल झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला परवानगी असल्याचं म्हटलं. पण रस्त्यावर अडवल्यावर फिल्म नेमकी किती टक्क्यांची आहे, यावरून वाद होऊ शकतो. चालत्या गाडीत पडदे किंवा जाळी लावली तरी दंड होऊ शकतो.

मग करायचं काय? गाडी उभी असताना सगळ्या काचांना सनशेड लावा आणि निघताना काढून ठेवा, याला कुणाची हरकत नसते. पुढच्या काचेला चकचकीत सनशेड लावलं तर डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग बरंच कमी तापतं. नवी गाडी घेणार असाल तर कंपनीनेच बसवलेल्या, ऊन अडवणाऱ्या काचांबद्दल विचारा. आणि प्रवासात ऊन ज्या बाजूने येतंय, त्याच्या विरुद्ध बाजूला मुलाची सीट ठेवा. सकाळी उत्तरेकडे निघालात तर ऊन उजवीकडून येणार. एवढा अंदाज घरूनच घेता येतो.

निघण्याआधी काय कराल?

- भर दुपारचा प्रवास टाळा. पहाटे किंवा ऊन उतरल्यावर निघा.
- मुलाला बसवण्याआधी चारही दारं उघडून गरम हवा बाहेर जाऊ द्या. मग काचा खाली ठेवून एसी दोन-तीन मिनिटं चालवा आणि नंतर काचा बंद करा.
- गाडी उभी असताना चाईल्ड सीटवर पांढरी सुती चादर किंवा पंचा टाकून ठेवा.
- बकल, बेल्टचे धातूचे भाग आणि सीट आधी स्वतःच्या हाताने तपासा. तुम्हाला चटका बसला, तर बाळाची त्वचा भाजेल.
- सीट गरम आहे म्हणून मुलाला पुढे मांडीवर घेऊन बसू नका. समोरच्या काचेतून थेट ऊन येतं आणि धडक झाली तर एअरबॅगही मुलाच्या जिवावर बेतू शकते. १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाईल्ड सीटशिवाय बसवलं तर १,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

प्रवासात काय लक्षात ठेवाल?

- पुढे तुम्हाला थंड वाटतंय म्हणजे मागे बाळालाही वाटतंय असं नाही. मागे तोंड करून बसवलेल्या तान्ह्या बाळापर्यंत एसीची हवा कमी पोचते. मध्येमध्ये थांबून त्याची मान आणि पाठ हाताने तपासा.
- ऊन लागू नये म्हणून सीटवर दुपटं किंवा ओढणी पांघरू नका. आत हवा खेळत नाही आणि उष्णता कोंडते.
- सैल, सुती, एकेरी कपडे घाला. टोपी, मोजे गाडीत काढून ठेवा.
- सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं पाणी देऊ नका, अंगावरचं दूध जास्त वेळा पाजा. त्यासाठी गाडी थांबवा. मोठ्या मुलांना तहान लागण्याची वाट न पाहता थोडं थोडं पाणी देत राहा.

गाडीतून उतरताना

- आपली पर्स, मोबाईल किंवा डबा मागच्या सीटवर मुलाच्या शेजारी ठेवा. तो घ्यायला मागचं दार उघडावंच लागेल.
- पाळणाघराशी ठरवून ठेवा: मूल वेळेत पोचलं नाही तर लगेच फोन करायचा.
- घरी आल्यावर गाडी लॉक करा, चावी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.
- चाईल्ड लॉक लावलेलं असेल तर मागचं दार आतून उघडत नाही. थोड्या मोठ्या मुलांना शिकवा: अडकलात तर पुढच्या सीटवर जा, दार उघडून पाहा, नाहीच उघडलं तर हॉर्न वाजवत राहा.
- मूल कुठे दिसत नसेल तर पाण्याच्या टाकीबरोबरच आसपासच्या गाड्या आणि त्यांच्या डिक्याही लगेच तपासा.

धोक्याची लक्षणं कोणती?

मूल चिडचिड करतंय, चेहरा लाल झालाय, उलटी झाली, लघवी कमी झाली, तर गाडी थांबवून त्याला थंड जागी न्या. मूल अचानक मलूल झालं, हाक मारल्यावर नीट प्रतिसाद देत नसेल, अंग भट्टीसारखं तापलं असेल किंवा झटका आला, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच १०८ वर फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे काढा, अंगावर साधं पाणी ओता किंवा ओल्या फडक्याने पुसा आणि वारा घाला. शुद्ध हरपलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाचं औषध देऊन वाट पाहू नका, इथे त्याचा उपयोग होत नाही.

रस्त्यात एखाद्या बंद गाडीत एकटं मूल दिसलं तर ‘असतील इथेच कुठेतरी पालक’ म्हणून पुढे जाऊ नका. मालकाला हाका मारा, सुरक्षारक्षकाला सांगा, ११२ वर फोन करा. मूल निपचित दिसत असेल तर त्याच्यापासून सर्वात लांबची काच फोडून त्याला बाहेर काढा.

काच पुन्हा बसवता येते. दुकानातलं काम, एटीएमची रांग, दुधाची पिशवी, हे सगळं मुलाला कडेवर घेऊनही उरकता येतं. मे महिन्यात ‘दोन मिनिटांत आलो’ हे वाक्य तोंडात आलं, की आधी मागचं दार उघडा.