दाढेची साक्ष

"तोंड उघड बाळा," डॉक्टर म्हणाले. पोरानं आ वासला. केसांत जरीचे बारीक तुकडे अडकलेले. मी तेव्हा कामगार खात्यात निरीक्षक होतो आणि एका गाळ्यातून त्याला घेऊन आलो होतो. मालकानं पढवलेलं "अठरा" तो विचारण्याआधीच सांगून मोकळा झाला होता. डॉक्टरांनी मागच्या हिरडीवर बोट फिरवलं. दुसरी दाढ जेमतेम डोकावत होती. "बाराच्या आसपास."

दात बघून वय ठरवण्याची ही युक्ती जुनी. 1837 मध्ये लंडनच्या एडविन साँडर्स या दंतवैद्यानं ती गिरण्यांतल्या मुलांसाठी सुचवली. कायद्यानं वयाची अट घातली होती, पण जन्माचा दाखला कुणाकडे असणार? आईबाप सांगतील ते वय.

आपल्याकडे 1881 चा कारखाना कायदा आला. सात वर्षांखालचं पोर कामाला नको, सात ते बाराचं असेल तर दिवसाला नऊ तास. हो, नऊ! तेही फक्त शंभर किंवा जास्त माणसांच्या कारखान्यात. 1891 मध्ये सातचे नऊ झाले, तासांचे सात.

1919 मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदी कामगारांतर्फे आपले ना. म. जोशी गेले होते. उद्योगांत किमान वय चौदा, असा करार झाला. त्याचं सहावं कलम मी कितीदा तरी वाचलं असेल: चौदाची अट भारताला नाही, इथे बारा. खाणी, रेल्वे, गोद्या त्यात आल्या. कारखाने मात्र यंत्रावर चालणारे आणि दहापेक्षा जास्त माणसांचे तेवढेच. गिरणीतल्या पोराला निदान बाराचा आडोसा मिळाला. हातमाग, विडी, जरी हे सगळं उंबऱ्याबाहेर राहिलं.

तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, असं म्हणून सुटता येत नाही. बालहक्कांच्या 1989 च्या करारात आपण 11 डिसेंबर 1992 ला सामील झालो, तेही बत्तिसाव्या कलमाला पुरवणी जोडून: प्रत्येक कामासाठी किमान वय लगेच ठरवणं व्यवहार्य नाही, टप्प्याटप्प्यानं करू. किमान वयाचा 1973 चा आंतरराष्ट्रीय करार आपण मान्य केला 2017 मध्ये.

दाखल्यावर शिक्का बसला. पोरानं माझी बाही ओढली. "साहेब, शनिवारचा पगार मिळंल ना?"