मॅच कोणत्या साली आहे?

मंडळी, आज एक खेळ खेळूया. आजवर बास्केटबॉल खेळलेल्या तमाम माणसांतून पाच जण निवडायचे आणि आपली ऑल-टाइम टीम बनवायची. हयात, दिवंगत, निवृत्त, कोणीही चालेल. पगाराची मर्यादा नाही, दुखापतींची कटकट नाही. सोप्पं वाटतं ना? ऑफिसात जेवताना हा विषय निघाला की अर्ध्या तासाची सुट्टी सव्वा तासाची होते, आणि शेवटी कोणीतरी हात धुता धुता म्हणतोच, "त्या काळात काय रे, कोणीही पन्नास मारले असते!"

आपल्याला हा वाद नवा नाही. गावसकर की सचिन, यावरून आपल्याकडे घरोघरी दोन तट पडलेत. पण क्रिकेटमध्ये निदान चौकार तेव्हाही चारचा होता आणि आजही चारचाच आहे. बास्केटबॉलमध्ये तेवढीही सोय नाही. एकाच जागेवरून मारलेला शॉट १९७५ मध्ये दोनचा होता आणि १९८० मध्ये तीनचा झाला. मग तुलना करायची कशी?

उदाहरण म्हणून एनबीएचा एकच मोसम घेऊ: १९६१-६२. हा मोसम म्हणजे आकडेप्रेमी माणसाचं मिठाईचं दुकान आहे. फिलाडेल्फिया वॉरियर्सचा सात फूट एक इंच उंचीचा विल्ट चेंबरलेन त्या वर्षी सामन्यामागे सरासरी ५०.४ पॉइंट करत होता आणि वर २५.७ रिबाउंड घेत होता. २ मार्च १९६२ ला हर्शी नावाच्या गावात त्याने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकट्याने १०० पॉइंट केले. सिनसिनाटीचा ऑस्कर रॉबर्टसन सरासरी ३०.८ पॉइंट, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट करून बसला, म्हणजे अख्ख्या मोसमाची सरासरीच ट्रिपल डबल! पुढची ५५ वर्षं हे कोणाला जमलं नाही. थेट २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुकने ते करून दाखवलं.

आता स्प्रेडशीट उघडा, पॉइंटच्या कॉलमवर सॉर्ट मारा, आणि टीम तयार. विल्ट सेंटरला, ऑस्कर गार्डला, झालं काम.

फक्त एक भानगड आहे. त्या वर्षीचा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू, विल्ट नव्हता. ऑस्करही नव्हता. तो होता बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल. आणि तेव्हा ही निवड पत्रकार करत नव्हते, खुद्द खेळाडू मतं देत होते. म्हणजे ज्यांनी विल्टकडून दर आठवड्याला पन्नास-पन्नास पॉइंट खाल्ले, त्यांनीच 'मोलाचा तो दुसरा' असं सांगितलं. त्यांना काय दिसत होतं, जे आपल्या स्प्रेडशीटला दिसत नाही?

आधी आकडे एवढे फुगले कसे ते पाहू. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं होतं. हो, बास्केटबॉलच! बॉल हातात धरून उभं राहायला तेव्हा काही बंदीच नव्हती. लोक कंटाळून घरी जायला लागले. मग सिरॅक्यूजच्या टीमचा मालक डॅनी बियासोन याने एक अगदी साधा हिशेब केला. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. चांगल्या रंगलेल्या सामन्यात दोन्ही टीम मिळून साधारण १२० शॉट मारतात. २८८० भागिले १२० बरोबर २४. म्हणून १९५४-५५ पासून नियम आला: २४ सेकंदांत शॉट मारा, नाहीतर बॉल द्या. टीमची सरासरी एका वर्षात ७९.५ वरून ९३.१ वर गेली आणि १९६१-६२ पर्यंत ११८.८ वर पोचली.

आता घड्याळ आल्यावर सगळे पळत सुटले होते. १९६१-६२ मध्ये एक टीम सामन्यामागे १०७-१०८ शॉट मारायची आणि त्यातले जेमतेम ४२-४३ टक्के आत जायचे. हुकलेला प्रत्येक शॉट म्हणजे कोणाच्या तरी नावावरचा रिबाउंड. टीममागे सामन्याला सत्तरच्या आसपास रिबाउंड मिळायचे. वेस्टब्रुकच्या २०१६-१७ मध्ये टीममागे ८५ शॉट आणि ४३-४४ रिबाउंड. म्हणजे ऑस्करचे १२.५ हे सत्तरातले आणि वेस्टब्रुकचे १०.७ हे चव्वेचाळिसातले. पहिला हिस्सा १८ टक्क्यांच्या जवळ, दुसरा २४ च्या पुढे. लहान आकडा मोठा निघाला की नाही?

इथपर्यंत ऐकून आपल्यातला इंजिनियर खूश होतो. चला, नॉर्मलाइज करून टाकू! करूया. विल्टचे ५०.४ घ्या. त्याच्या लीगची सरासरी ११८.८ आणि २०१६-१७ ची १०५.६, त्या प्रमाणात कमी केले तर उरतात ४४.८. आता विल्ट सरासरी ४८.५ मिनिटं खेळत होता. आजचे तारे साधारण ३६ मिनिटं खेळतात असं धरून पुन्हा प्रमाण लावलं, तर उरतात ३३. पन्नासाचे तेहतीस झाले! उत्तम स्कोअरर, पण देव वगैरे नाही. वाद मिटला, जेवणाचे डबे बंद करा.

थांबा. ती मिनिटं कापताना आपण काय केलं ते बघा. सामना असतो ४८ मिनिटांचा आणि हा माणूस सरासरी ४८.५ मिनिटं खेळला, कारण ओव्हरटाइमही खेळला. ८० सामन्यांत मिळून तो फक्त ८ मिनिटं बाहेर बसला, तीही पंचांनी बाहेर काढलं म्हणून. म्हणजे त्याच्या मोसमातली सगळ्यात अचाट गोष्ट होती ती ही, आणि आपण ती 'गोंधळ' समजून भागाकारात उडवून दिली. प्रत्येक नॉर्मलायझेशनच्या पोटात एक निर्णय लपलेला असतो: कशाला खेळाडूचं कर्तृत्व म्हणायचं आणि कशाला काळाची कृपा. हा निर्णय फॉर्म्युला घेत नाही, तो लिहिणारा घेतो.

आता रसेलकडे वळू. कारकिर्दीची सरासरी १५.१ पॉइंट, २२.५ रिबाउंड. शॉट आत जायचं प्रमाण ४४ टक्के. फँटसी टीमच्या कुठल्याही गुणपद्धतीत हा विल्टच्या जवळपासही येत नाही. आणि रसेलचं खरं काम होतं बचाव. समोरच्याचा शॉट तो अडवायचा तेव्हा बॉल प्रेक्षकांत न भिरकावता आपल्याच माणसाकडे ढकलायचा, की लगेच पलीकडे बास्केट. असे त्याने किती शॉट अडवले? कॉलम रिकामा आहे. एनबीएने ब्लॉक आणि स्टील मोजायला सुरुवात केली १९७३-७४ मध्ये. रसेल निवृत्त झाला १९६९ मध्ये.

इथे आपल्या धंद्यातला एक जुना धडा आठवतो. शून्य आणि नल (दमयंतीचा नव्हे, डेटाबेसमधला) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे कोणी मोजलंच नाही. पण बेरीज करताना बहुतेक प्रोग्राम नलला गुपचूप शून्य धरतात आणि पुढे जातात. इतिहासाचंही तसंच होतं. जे नोंदवलं गेलं नाही ते हळूहळू 'घडलंच नाही' असं होऊन जातं. दरबारात ज्यांची बखर लिहिली गेली ते शूर, बाकीचे नुसते सैन्य.

मग रसेलचं मोजमाप करायचं कशावरून? आजूबाजूच्या खुणांवरून. तो यायच्या आधी सेल्टिक्सनी एकही विजेतेपद जिंकलं नव्हतं. तो होता त्या १३ मोसमांत त्यांनी ११ जिंकली. निर्णायक सातव्या सामन्यात तो १० वेळा उतरला आणि दहाही वेळा जिंकला. १९६२ च्या अंतिम फेरीतल्या सातव्या सामन्यात लेकर्सविरुद्ध ३० पॉइंट आणि ४० रिबाउंड! त्याच्या शेवटच्या मोसमात टीमने ४८ सामने जिंकले आणि ३४ हरले. तो गेल्यावर पुढच्या मोसमात ३४ जिंकले, ४८ हरले. अगदी आरशात बघितल्यासारखं. (प्रामाणिकपणे सांगायचं तर सॅम जोन्सही त्याच वर्षी निवृत्त झाला, आणि रसेल टीमचा प्रशिक्षकही होता, तेव्हा कोचही बदलला. सगळं श्रेय एका कॉलमात टाकू नका.) पण हे सगळं जमेला धरलं की १९६२ च्या मतदारांचं म्हणणं कळायला लागतं.

गंमत म्हणजे विल्टलाही ते कळलं असावं. १९६६-६७ मध्ये त्याने शॉट कमी केले, सरासरी २४.१ वर आली, म्हणजे निम्म्याहून कमी. पण असिस्ट ७.८ झाले. त्याच वर्षी त्याच्या फिलाडेल्फिया सेव्हंटी-सिक्सर्सनी सेल्टिक्सची सलग आठ विजेतेपदांची साखळी तोडली. आकडे निम्मे आणि ट्रॉफी हातात.

आता हाच प्रयोग उलट्या दिशेने करा. स्टीफन करीला टाइम मशीनमध्ये घालून १९६२ ला पाठवा. २०१५-१६ मध्ये त्याने ४०२ थ्री-पॉइंटर मारले, सरासरी ३०.१. एनबीएत तीनची रेषा आली १९७९-८० मध्ये. १९६२ ला ती नाही, म्हणजे ७९ सामन्यांत ४०२ पॉइंट गेले. सरासरी आली २५ वर. आणि तेवढंच नाही. लांबून मारून जास्त काही मिळत नसेल, तर कोणता कोच त्याला तिथून मारू देईल? रेषा आल्यावरही पहिल्या मोसमात टीम सामन्यामागे तीनपेक्षाही कमी वेळा तिथून मारत होत्या. २०२३-२४ मध्ये हाच आकडा ३५ होता. लॅरी बर्डसारख्या नेमबाजाचे अख्ख्या कारकिर्दीतले थ्री-पॉइंटर ६४९. त्याला येत नव्हतं असं नाही, त्याच्या काळाला ते सुचलं नव्हतं.

आणि पीट मॅराविच! कॉलेजात रेषा नसताना सरासरी ४४.२ करणारा हा अवलिया. एनबीएत रेषा आली तेव्हा गुडघे संपलेले, शेवटचा मोसम. १५ वेळा लांबून मारलं, १० आत. सॅम्पल लहान आहे हे मलाही कळतं :) पण हळहळ वाटायला १५ पुरेसे आहेत.

नियमांच्या पलीकडेही काही कॉलम असतात. १९६१-६२ मध्येच लेकर्सचा एल्गिन बेलर सैन्याच्या राखीव दलात हजर होता. शनिवार-रविवारची सुट्टी मिळाली की यायचा, खेळायचा, परत बराकीत. असे ४८ सामने खेळून सरासरी ३८.३! अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात ६१. आपण वीकेंडला काय करतो याचा विचार न केलेला बरा. आणि त्याच मोसमाच्या तोंडावर, ऑक्टोबर १९६१ मध्ये, केंटकीतल्या लेक्सिंग्टन गावी सेल्टिक्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना हॉटेलच्या कॉफी शॉपमध्ये खायला द्यायला नकार मिळाला. रसेल आणि त्याचे सहकारी सामना न खेळता परत गेले. 'तो आजच्या काळात टिकला असता का?' असं विचारताना आपण रसेलला आजचे बूट, आजचा आहार, आजचा ट्रेनर देतो. 'आजचे तारे तेव्हा टिकले असते का?' असं विचारताना मात्र त्यांना ते लेक्सिंग्टन द्यायला विसरतो.

तर सांगायचा मुद्दा असा, की 'सर्वात भारी कोण' हा प्रश्न अर्धवट आहे. त्यात साल लिहिलेलं नाही. मी स्वतःपुरते तीन नियम केलेत. एक, खेळाडूला आधी त्याच्याच समकालीनांच्या रांगेत उभं करायचं. दोन, रिकामा कॉलम दिसला की शून्य न लिहिता त्या काळच्या लोकांची साक्ष काढायची. तीन, टीम निवडण्याआधी सामन्याचं साल आणि नियम जाहीर करायचे, नंतर बदलायचे नाहीत.

मॅच १९६२ च्या नियमांनी असेल तर माझी टीम: ऑस्कर रॉबर्टसन, मायकेल जॉर्डन, लेब्रॉन जेम्स, टिम डंकन, बिल रसेल. आजच्या नियमांनी असेल तर ऑस्करच्या जागी करी, बाकी तेच. विल्ट बाकावर, आणि तो जन्मात मला माफ करणार नाही, कारण बाकावर बसायची त्याला सवयच नव्हती.

तुमचे पाच कोण? पण आधी साल सांगा.