प्रोस्टेटचे पराधीनत्व

उतारवयातल्या पुरुषाला मूत्रावरोधाने जेरीस आणणारी प्रोस्टेट ग्रंथी आपल्या पोषणासाठी मुख्यतः वृषणांच्या हुकुमतीत असते, हे ज्ञान विसाव्या शतकाचे मानले जात असले, तरी त्याचा दाखला लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांच्या १७८६ सालच्या ग्रंथातच सापडतो. खच्ची केलेल्या जनावरांची शवे चिरताना त्यांना ही ग्रंथी लहान, शिथिल व चिवट झालेली आढळली होती. पुढे शतकभर हे निरीक्षण ग्रंथाच्या पानांतच पडून राहिले.

ते रुग्णशय्येपाशी नेले फिलाडेल्फियाच्या जे. विल्यम व्हाइट यांनी. वृषणे काढलेल्या १११ रुग्णांची हकिकत त्यांनी १८९५ मध्ये मांडली, आणि त्यांपैकी ८७ टक्क्यांची वाढलेली प्रोस्टेट आक्रसली असा निर्वाळा दिला. मूत्र तुंबून तळमळणारा, दिवसातून अनेकदा नळी घालून घेणारा आणि त्या नळीवाटे शिरणाऱ्या संसर्गाच्या धास्तीत जगणारा वृद्ध असला दारुण इलाजही पत्करीत असे, यात नवल नाही. परंतु हिंदुस्थानातील सरकारी वैद्यकीय सेवेतून निवृत्त होऊन लंडनला परतलेले पीटर फ्रेयर यांनी १९०० पासून ओटीपोटावाटे मूत्राशय उघडून वाढलेली ग्रंथी बोटाने सोलून काढण्याचा धडाका लावला, आणि खच्चीकरण शल्यशाळेतून बेदखल झाले. (ही शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या फुलर यांनी आधीच केली होती, फ्रेयर यांनी पहिलेपणाचा मान मात्र सोडला नाही.)

वृषणांचा हा हुकूम कोणत्या द्रव्याच्या रूपाने सुटतो, हे कळण्यास रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली. जर्मनीत बुटेनांट यांनी १९३१ मध्ये सुमारे १५,००० लिटर पुरुषमूत्रातून अवघे १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोन मिळवले. १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे लाकर यांच्या प्रयोगशाळेत बैलांच्या वृषणांतून टेस्टोस्टेरोन वेगळे झाले. दोन्ही द्रव्ये स्टेरॉइड कुळातली.

या साऱ्या सामग्रीचा खरा उपयोग केला तो शिकागो विद्यापीठाच्या चार्ल्स हगिन्स यांनी. म्हातारपणी प्रोस्टेट वाढण्याची खोड माणसाप्रमाणे कुत्र्यालाही आहे. हगिन्स यांनी कुत्र्यांवर अशी शस्त्रक्रिया बसवली, की प्रोस्टेटचा स्राव मूत्रात न मिसळता निराळा गोळा व्हावा आणि महिनोन्‌महिने मोजता यावा. वृषणे काढली की स्राव आटे. टेस्टोस्टेरोन टोचले की पुन्हा वाहू लागे. गाठ झालेला वृद्ध कुत्रा हाती आला की प्रयोग बिघडल्याचा त्यांना प्रथम वैताग येई, पण खच्चीकरणानंतर ती गाठच आक्रसते हे ध्यानात येताच तीच त्यांच्या संशोधनाचा विषय झाली.

हाडांत पसरलेल्या प्रोस्टेटच्या कर्करोगात रक्तातील ॲसिड फॉस्फेटेज हे विकर वाढते, हे न्यूयॉर्कच्या गटमन दांपत्याने १९३८ मध्ये दाखवलेच होते. १९४१ मध्ये हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी तोच मापदंड हाती घेऊन सिद्ध केले, की वृषणे काढल्यास किंवा स्त्री-संप्रेरक दिल्यास तो आकडा उतरतो आणि टेस्टोस्टेरोन टोचल्यास चढतो. माझ्या मते व्हाइट आणि हगिन्स यांच्यातील अंतर नेमके येथे आहे: व्हाइट यांच्यापाशी केवळ बोटाने चाचपून बांधलेला अंदाज होता, हगिन्स यांच्यापाशी कोणालाही पडताळता येईल असा आकडा होता.

पेकिंगच्या राजवाड्यातील खोजे बाळगण्याच्या रिवाजाने नकळत प्रोस्टेटच्या या पराधीनत्वाचीच दीर्घ परीक्षा करून ठेवली होती. छिंग दरबारच्या २६ वृद्ध खोजांची तपासणी १९६० मध्ये झाली तेव्हा खच्चीकरणाला ४१ ते ६५ वर्षे लोटली होती, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांची प्रोस्टेट तपासणाऱ्याच्या बोटाला लागत नव्हती.

वृषणे काढूनही पुष्कळांचा कर्करोग काही काळाने पुन्हा डोके वर काढी. अधिवृक्क ग्रंथीही थोडी पुरुष-संप्रेरके पुरवतात, म्हणून १९४५ मध्ये हगिन्स यांनी त्याही काढून पाहिल्या. पण त्या काळी बदली द्यायला कॉर्टिसोन नसल्याने तो मार्ग टिकला नाही. हगिन्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये. वृषणे काढलेल्या त्यांच्या पहिल्या २१ रुग्णांपैकी चौघे बारा वर्षांहून अधिक जगले.