बुळकांडीच्या लसीची पारख

बुळकांडी म्हणजे कडक ताप, तोंडात फोड, मग हगवण आणि बहुधा मरण. आष्ट्यासारख्या कृष्णाकाठच्या गावांत ऐन पेरणीत बैल दगावला की शेतीच खोळंबे. या रोगाच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात सरकारी प्रयोगशाळा निघाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलली. लस येण्याआधी निरोगी गुराला रोगप्रतिकारक रक्तजल आणि रोगट रक्त एकाच वेळी टोचत. गूर वाचले तर रोगाविरुद्ध पक्के, पण जोखीम उघडच होती. १९२०च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी विषाणू शेळीतून शेळीत शेकडो वेळा नेऊन सौम्य केला, आणि लस स्वस्त झाली. लस टोचलेल्या गुराला तीव्र विषाणू देऊनच तिची पारख होई. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला, २०११ मध्ये सारे जग.