क्रोनोग्राफ घड्याळ

क्रोनोग्राफ घड्याळ : दिवसाची वेळ दाखविण्याबरोबरच एखाद्या घटनेस लागलेला कालावधी स्वतंत्रपणे मोजणारे घड्याळ. ग्रीक ‘क्रोनोस’ (काल) व ‘ग्राफो’ (लिहितो) या शब्दांपासून हे नाव तयार झाले. क्रोनोमीटर आणि क्रोनोग्राफ यांची पुष्कळदा गल्लत होते. क्रोनोमीटर म्हणजे अत्यंत अचूक वेळ राखणारे घड्याळ. समुद्रावर रेखांश काढण्यासाठी जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकात ते सिद्ध केले. क्रोनोग्राफचे काम निराळे आहे. ‘आता किती वाजले’ यापेक्षा ‘मघापासून किती वेळ झाला’ या प्रश्नाचे उत्तर तो देतो. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जुन्या नमुन्यांवर बेतलेले नवे क्रोनोग्राफ ही चैनीच्या घड्याळांमधील एक मोठी शाखा बनली असून तिचे धागेदोरे मुंबईच्या बाजारपेठेपर्यंत येऊन पोहोचतात.

कालावधी मोजण्याची गरज घड्याळाहून जुनी आहे. तळाशी बारीक छिद्र असलेले तांब्याचे पात्र पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडले, की ते २४ मिनिटांत भरून बुडते, हीच घटिका. अशा ६० घटकांचा एक अहोरात्र आणि ६० पळांची एक घटका. घटकांची गणना सूर्योदयापासून होत असल्याने रोज सकाळी ती पुन्हा शून्यावर येई. ‘घटका भरणे’ हा वाक्प्रचार या पात्रावरून आला. ‘घड्याळ’ हा शब्द याच कुळातला. ‘तास’ हा मुळात ठोके देण्याच्या धातूच्या थाळीचा वाचक आहे.

कोकणच्या बंदरांत हे मोजमाप व्यापाराशी जोडलेले होते. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी उत्तर तीरावर वसलेले दाभोळ (जि. रत्नागिरी) हे बहमनी काळातील पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदरांपैकी एक होते. रशियन प्रवासी अफनासी निकितीन १४७० च्या दशकाच्या पूर्वार्धात येथूनच होर्मुझकडे जाणाऱ्या जहाजावर चढला; १५०८ च्या अखेरीस फ्रान्सिस्कू द आल्मेदाच्या पोर्तुगीज आरमाराने हे शहर जाळले. या मार्गांवरील अरब नाखवे सागरी अंतर ‘झाम’ या एककाने सांगत. एक झाम म्हणजे सुमारे तीन तासांत जहाज कापील तेवढा पल्ला. पंधराव्या शतकातील नाविक अहमद इब्न माजिद याच्या लेखनात हे एकक येते. तीन तासांचा प्रहर म्हणजेच संस्कृत ‘याम’ याच्याशी असलेले त्याचे साम्य सहज ध्यानात येते. किती वाजले, याला भर समुद्रात फारसा अर्थ नव्हता. निघाल्यापासून किती झाम झाले, यावर मात्र जहाज अवलंबून असे. कालावधीवरून अंतर काढण्याची ही रीत क्रोनोग्राफच्या तबकडीवर निराळ्या रूपात पुन्हा दिसते.

यूरोपात या यंत्राला चालना मिळाली ती घोड्यांच्या शर्यतींमुळे. १ सप्टेंबर १८२१ रोजी पॅरिसमधील शाँ द मार्स येथील शर्यतींत निकोला र्‍यूसेक याने आपले यंत्र वापरले. घोडा रेषा ओलांडताच फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडे. ‘काल लिहिणारा’ हे नाव या यंत्राला अक्षरशः शोभते. पुढच्या घड्याळांत शाई गेली, नाव तेवढे राहिले. र्‍यूसेकच्याही आधी, १८१६ मध्ये, ल्वी म्वाने याने सेकंदाचा साठावा भाग मोजणारे यंत्र खगोलनिरीक्षणासाठी पुरे केले होते. ते २०१३ मध्ये उजेडात आले, तेव्हा इतिहासकारांना अग्रक्रम बदलावा लागला.

खरी अडचण काटा सुरू करण्याची वा थांबविण्याची नव्हती. ती होती त्याला एका झटक्यात शून्यावर आणण्याची. अडॉल्फ निकोल याने १८४४ च्या एकस्वात ती सोडविली. मोजणीच्या काट्याच्या आसावर हृदयाच्या आकाराची एक चकती बसविलेली असते. कळ दाबली की लहानशी हातोडी तिच्या कडेवर आपटते. चकती कोणत्याही स्थितीत असली, तरी तिच्या विशिष्ट वक्रतेमुळे ती गरकन फिरते आणि हातोडी तिच्या खोलगट भागात विसावते. काटा त्या क्षणी शून्यावर येतो. आजच्या यांत्रिक क्रोनोग्राफमध्येही हीच युक्ती वापरली जाते. आज्ञांचा क्रम राखण्यासाठी उभ्या दातांचे स्तंभचक्र वापरीत; पुढे स्वस्त घड्याळांत त्याची जागा ठोकून काढलेल्या कॅमपट्टीने घेतली. संग्राहक अजूनही झाकण उघडून प्रथम स्तंभचक्र आहे की नाही ते पाहतात. मोजणीची सूक्ष्मता तोलचक्राच्या वेगावर अवलंबून असते. तासाला १८,००० स्पंदने म्हणजे सेकंदाला पाच. अशा घड्याळाला सेकंदाच्या पाचव्या भागाहून बारीक मोजता येत नाही.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हे यंत्र खिशातून मनगटावर आले. लाँजीनची १३.३३ झेड ही मनगटासाठी रचलेली यंत्रणा १९१३ ची. ब्राइटलिंगने १९१५ मध्ये मोजणीची कळ चावीपासून वेगळी केली व १९३४ मध्ये दुसरी कळ जोडली. तेव्हापासून चावीच्या वर-खाली दोन कळा ही या घड्याळाची ओळख ठरली. तबकडीच्या कडेला निरनिराळ्या मापपट्ट्या आल्या. ठरावीक अंतराला लागलेल्या वेळेवरून वेग, नाडीच्या ठोक्यांवरून त्यांची मिनिटाची संख्या, तोफेचा उजेड दिसणे आणि आवाज ऐकू येणे यांमधील अवधीवरून तोफेचे अंतर त्यांवर थेट वाचता येते. वैमानिक, मोटारचालक, डॉक्टर व तोफखान्याचे अधिकारी हे या घड्याळाचे पहिले गिऱ्हाईक होते. ते चैनीची वस्तू म्हणून नव्हे, तर अवजार म्हणून विकले जाई, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९६९ हे या अवजाराच्या उत्कर्षाचे आणि उताराचेही वर्ष. त्या वर्षी झेनिथचा ‘एल प्रिमेरो’, ब्राइटलिंग, हॉयर आदी कंपन्यांचा संयुक्त ‘क्रोनोमॅटिक’ आणि जपानच्या सेइकोचे घड्याळ असे तीन स्वयंचलित क्रोनोग्राफ लागोपाठ जाहीर झाले. त्याच जुलैमध्ये ओमेगा कंपनीचे ‘स्पीडमास्टर’ चंद्रावर गेले. डिसेंबरात सेइकोने क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. ते यांत्रिक घड्याळाहून कितीतरी अचूक होते आणि लवकरच स्वस्तही झाले. १९७० च्या सुमारास स्विस घड्याळ उद्योगात सुमारे ९०,००० कामगार होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या जवळजवळ एक तृतीयांशावर आली. १९७५ मध्ये झेनिथच्या तत्कालीन मालकांनी यांत्रिक घड्याळांचे उत्पादन थांबवून हत्यारे मोडीत काढण्याचा हुकूम दिला, तेव्हा शार्ल व्हेर्मो या कारागिराने साचे, कॅम व आराखडे कारखान्याच्या माळ्यावर लपवून ठेवले. ते साहित्य वाचल्यामुळेच १९८४ मध्ये ‘एल प्रिमेरो’चे उत्पादन पुन्हा सुरू करता आले.

स्विस घड्याळांची भारतातील पेठ तोवर शंभर वर्षांची झाली होती. ल लोक्ल येथील फाव्र-ल्युबा या घराण्याचा प्रतिनिधी १८६५ मध्ये मुंबईत आला आणि या पेढीने येथे कायमचे बस्तान बसविले. वेस्ट एंड वॉच कंपनीही मुंबईतच वाढली. तिच्या ‘सोवार प्रिमा’ या लोकप्रिय घड्याळाचे नाव घोडेस्वारावरून घेतलेले आहे. ‘फेवर-ल्यूबा’ असा उच्चार रूढ झालेले घड्याळ पुढे मराठी मध्यमवर्गात लग्नातल्या देण्याघेण्यात आणि निवृत्तीच्या भेटीत प्रतिष्ठेचे मानले गेले. उंची सांगणारे ‘बिव्हुआक’ (१९६२) आणि खोली सांगणारे ‘बाथी’ (१९६८) ही त्याच कंपनीची अवजारी घड्याळे.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध आले. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोर (बंगळूरू) येथे एच्‌एम्‌टीचा घड्याळ कारखाना निघाला. त्याची ‘जनता’सारखी साधी, किल्लीची घड्याळे घरोघर गेली, परदेशी घड्याळाची ओढ मात्र सरली नाही. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखालील गोव्यातून आणि नंतर दुबईहून येणाऱ्या गलबतांतून सोन्याबरोबर घड्याळेही पश्चिम किनाऱ्यावर चोरट्या मार्गाने उतरत. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ यातील १२३ व्या कलमात सोन्याच्या जोडीने घड्याळांचा नावानिशी उल्लेख आहे. चोरटी आयात असल्याच्या सबळ संशयावरून घड्याळ जप्त झाले, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात ते सापडले त्याच्यावर पडते. मनगटावरील वस्तूसाठी पुराव्याचे हे ओझे लहान नव्हते. रत्नागिरी जिल्ह्यातील खलाशी व पुढे आखाती देशांत गेलेले नोकरदार सुटीवर येताना घड्याळ आणीत, ते सरळ मार्गाने. परंतु ज्या समुद्रावर दाभोळच्या नाखव्यांनी झाम मोजले, त्याच समुद्रातून चोरटा मालही येत होता.

या टंचाईने एक वेगळाच कारागीर घडविला. सुटे भाग मिळत नसल्याने मुंबईचे घड्याळजी एका घड्याळाचे चक्र दुसऱ्यात बसवीत, झिजलेला आस घासून सारखा करीत आणि दमट हवेने डागाळलेल्या तबकड्या पुन्हा रंगवून देत. वापरणाऱ्याला वेळ हवी होती. तबकडी मूळची असावी असा त्याचा आग्रह नव्हता. पुढे हीच घड्याळे जगभरच्या संग्राहकांच्या बाजारात पोहोचली, तेव्हा भडक रंगांच्या आणि चुकीच्या अक्षरवळणाच्या अशा तबकड्यांना ‘मुंबई स्पेशल’ हे नाव पडले. त्यात उपहासाचा भाग मोठा आहे. रंगविलेली तबकडी मूळची म्हणून विकणे ही फसवणूकच होय आणि तशी फसवणूक सर्रास झाली आहे. तरीही उपहास करणाऱ्यांना दुरुस्ती आणि बनावट यांतील फरक पुष्कळदा दिसत नाही. ज्या दुरुस्तीने घड्याळ ४०-५० वर्षे चालते राहिले, तिला केवळ तबकडीवरून खोटे ठरविणे न्याय्य नाही.

याच काळात खुद्द कारखानेही जुन्या तबकड्यांकडे वळले. हॉयरच्या ‘कॅरेरा’चे (१९६३) नवे रूप १९९६ मध्ये आले आणि त्याच्या यशानंतर पुनरावृत्तींची रीघ लागली. ओमेगाने १९६८ मध्ये बंद केलेली ‘३२१’ यंत्रणा २०१९ मध्ये पुन्हा काढली. त्यासाठी अपोलो-१७ च्या मोहिमेत जीन सर्ननने वापरलेल्या घड्याळाचे संगणकीय छेदचित्रण करण्यात आले. एरवी या घड्याळांत जुने असते ते मुख्यतः रूप : पोटतबकड्यांची मांडणी, अंकांचे वळण, मशरूमच्या आकाराच्या कळा. काच नीलमणी-स्फटिकाची, पाण्यापासून संरक्षण आधुनिक आणि आकार बहुधा पूर्वीपेक्षा काहीसा मोठा असतो. अंधारात चमकणारा रंग जुन्या घड्याळांत काळाने पिवळसर होतो; नव्यात तो कारखान्यातच पिवळसर करून लावतात. मुंबईचा घड्याळजी जुन्या घड्याळाला नवा चेहरा देत होता. येथे नव्या घड्याळाला जुना चेहरा देतात, आणि त्याची किंमत लाखांत होते. खऱ्या जुन्या घड्याळांचे भाव तर कल्पनेपलीकडे गेले. अभिनेता पॉल न्यूमन याचे रोलेक्स ‘डेटोना’ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांहून अधिक किंमतीला गेले.

फाव्र-ल्युबा कंपनी १९८० च्या दशकात मूळ कुटुंबाच्या हातून गेली आणि अनेक मालकांनंतर २०११ मध्ये टाटा समूहातील टायटन कंपनीने ती विकत घेतली. पुढे ती एथॉस या भारतीय घड्याळविक्रेत्या कंपनीच्या समूहाकडे आली. २०२४ मध्ये जिनीव्हा येथे तिची जी नवी घड्याळे मांडण्यात आली, त्यांत १९७० च्या दशकातील ‘सी स्काय’ या क्रोनोग्राफवर बेतलेले ‘सी स्काय रिव्हायव्हल’ हेही होते. ज्या देशात या नावाचे घड्याळ बाळगणाऱ्याला कधीकाळी पावती जपून ठेवावी लागे, त्याच देशाची मालकी आता त्या नावावर आहे. त्या मूळ क्रोनोग्राफची जुनी जोडी मुंबईत अधूनमधून विक्रीस येते. तिची तबकडी मूळची आहे की पुन्हा रंगविलेली, हे तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे लागते.